चहाचं आधण : टपरीवरचा चहा कसा होतो?



आज आपण चहाविषयी माहिती पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, बाई, चहात काय शिकवायचंय? पाणी, साखर, पावडर, दूध, झाला चहा. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षी वर्गात एक गोष्ट घडली आणि मला हा धडा नव्याने शिकावा लागला.

परिसर अभ्यासात व्यवसायांची ओळख चालू होती. चौथीच्या मुलांना मी घरचा अभ्यास दिला, 'माझ्या घरचे काम' या विषयावर दहा ओळी. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागाकडची. त्यामुळे वह्यांमध्ये यंत्रमाग, टॉवेल, विड्या, रिक्षा, शिवणकाम असं सगळं आलं. एका मुलाने मात्र दोनच ओळी लिहिल्या. 'माझे वडील मजुरी करतात. ते खूप कष्ट करतात.' शेजारच्या मुलाने लगेच सांगून टाकलं, "बाई, त्याच्या पप्पांची चहाची टपरी आहे, खोटं लिहिलंय त्याने." वर्ग हसला. तो मुलगा मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसला.

मी त्या वेळी काही बोलले नाही. "चहा विकणं वाईट नसतं हं" असं सांगायला सोपं असतं, पण मुलांना अशी वाक्यं ऐकून ऐकून पाठ झालेली असतात, त्यांचा परिणाम होत नाही. त्या कामात काय काय करावं लागतं हे मला तरी कुठे नीट माहीत होतं? म्हणून एका शनिवारी सकाळी वही घेऊन मी त्या टपरीवर गेले. मुलाच्या वडिलांना तिकडे सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हटलं.

टपरीवर काय पाहिलं

अण्णांचे वडील गिरणीत होते. अण्णा स्वतः बारा वर्षं यंत्रमागावर होते, मग कारखाना बंद पडला आणि त्यांनी टपरी टाकली. पहाटे साडेपाचला गॅस पेटतो, कारण रात्रपाळीवाले सुटायच्या आधी पहिलं पातेलं तयार लागतं.

साहित्य मोजून सात-आठ वस्तूंचं. जाड बुडाचं पातेलं, लांब दांड्याचं ओगराळं, लोखंडी खलबत्ता, गाळायचं फडकं, किटली, काचेचे छोटे ग्लास, साखरेचा आणि पावडरचा डबा. घरी आपण स्टीलची गाळणी वापरतो, टपरीवर मात्र अजून फडकं असतं. मी विचारलं, गाळणी का नाही? अण्णा म्हणाले, "मॅडम, गाळणीतून बारीक पावडर खाली येते, तळाला गाळ बसतो. गिऱ्हाईकाला शेवटचा घोट पण नीट लागला पाहिजे." शिवाय फडकं पिळता येतं. चोथ्यात अडकलेला अर्क पिळल्यावर किटलीत उतरतो. पण तेही बेतानं. जास्त पिळलं तर तुरटपणा उतरतो.

मी घरचा वजनकाटा सोबत नेला होता. (अण्णांना त्याची फार गंमत वाटली.) ते काहीच मोजत नाहीत, मूठ आणि डबीचं झाकण हेच त्यांचं माप. त्यांनी मूठ भरली की मी ती काट्यावर ओतून घेत होते. एका पातेल्याला साधारण एक लिटर पाणी, एक लिटर दूध, दोनशे ग्रॅम साखर आणि चाळीस ग्रॅम पावडर. त्यात अर्धा कप म्हणजे कटिंगच्या मापाने वीसेक चहा होतात. तीन वेळा मी वजन केलं, पावडर ३८, ४१ आणि ४० ग्रॅम भरली. हाताचं माप म्हणतात ते हे!

आता क्रम पाहा. आधी पाण्याचं आधण. पाणी गरम होत असतानाच ठेचलेलं आलं पडतं. साखरही पाण्यातच. उकळी फुटली की पावडर. पावडर टाकल्यावर आच लगेच कमी होते आणि दोन-तीन मिनिटं तो कोरा चहा खदखदू देतात. मग दूध, आणि आच पुन्हा मोठी. चहा वर येतो, काठापर्यंत. आता उतू जाणार असं आपल्याला वाटतं, तेवढ्यात अण्णा ओगराळं घालून चहा हातभर वर उचलतात आणि धारेनं परत खाली सोडतात. पुन्हा वर येऊ देतात, पुन्हा उचलतात. असं तीन-चार वेळा. मग वेलदोडा, आणि लगेच खाली उतरवून फडक्यातून किटलीत.

या सगळ्यात घड्याळ कुठेच नाही. मी विचारलं, झालं हे कसं कळतं? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रंग विटकरीकडे झुकला पाहिजे. कच्च्या दुधाचा वास गेला पाहिजे. आणि तिसरी गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती, ती म्हणजे आवाज. दूध घातल्या घातल्या पातेलं गप्प होतं, मग बारीक सूं सूं, मग दाट बुडबुड. "बुडबुडीचा आवाज जड झाला की समजायचं. माझं तोंड गिऱ्हाईकाकडे असलं तरी कान पातेल्याकडं असतो."

पाण्याबद्दलही ते फार काटेकोर आहेत. सोलापुरात नळाला उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, हे तुम्हाला सांगायला नको. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी. अण्णा चहासाठी नळाचं पाणी वेगळ्या पिंपात साठवतात, बोअरचं पाणी फक्त ग्लास धुवायला. "बोअरच्या पाण्यात च्या काळपट होतो आणि वर तवंग येतो." हे ऐकल्यावर मी ठरवलं, हे तर वर्गात करून बघायचं.

हा चहा शास्त्रात बसवून पाहू

आलं आधी पाण्यात का? कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. आलं थेट कोमट दुधात घातलं तर दूध फाटतं किंवा दह्यासारखं धरतं. चीनच्या दक्षिण भागात तर याच गुणाचा वापर करून आल्याच्या रसाने दूध विरजतात आणि गोड पदार्थ म्हणून खातात. पण आलं पाण्यात उकळलं की ते विकर निकामी होतं, फक्त चव आणि तिखटपणा उरतो. घरी चहा फाटला की आपण दूधवाल्याला नावं ठेवतो. बऱ्याचदा चूक आलं शेवटी घालणाऱ्याची असते.

गुळाच्या चहाचंही तसंच. गुळात थोडी आम्लता असते. दूध घालून उकळत असताना गूळ टाकला की दूध नासण्याची भीती. म्हणून जाणत्या बायका कोरा चहा गुळासकट उकळून खाली उतरवतात, दूध वेगळं तापवतात आणि शेवटी एकत्र करतात, परत उकळत नाहीत. किंवा मग गुळाचा कोराच चहा पितात. आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडात सकाळी हाच चहा असतो, पाचटाच्या जाळावर.

दूध उतू का जातं? तापताना दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर येऊन पातळ पापुद्रा धरतात. खाली तयार होणारी वाफ त्याखाली अडकते, फेस फुगतो आणि सगळं वर येतं. ओगराळ्याने चहा उचलून धार सोडली की पापुद्रा फुटतो, वाफ सुटते, वरचा भाग थोडा निवतो. म्हणजे ती धार नुसती दाखवायला नसते. त्या धारेमुळे चहा उतू न जाता जास्त वेळ उकळता येतो आणि दूध-चहा नीट एकजीव होतात.

चहाचा तुरटपणा त्यातल्या पॉलिफेनॉल या घटकांमुळे असतो, बोलीभाषेत आपण त्याला टॅनिन म्हणतो. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन या घटकांना धरून ठेवतं, म्हणून दूध घातल्यावर तुरटपणा कमी लागतो. आपली पावडर कडक असते, तिला दूध लागतंच. हलक्या पानाच्या चहात एवढं दूध घातलं तर चहाची चवच लागणार नाही.

वेलदोडा शेवटी का, हे आता तुम्हीच सांगू शकाल. त्याचं सुगंधी तेल उडून जाणारं असतं. आधी घातला तर वास टपरीभर पसरेल आणि ग्लासात काही उरणार नाही.

पावडर येते कुठून?

मुलांना मी विचारलं, चहा कशापासून होतो? उत्तरं आली : पावडरपासून, बियांपासून, एकाने सांगितलं 'कॉफीपासून'. त्यात मुलांची चूक नाही. महाराष्ट्रात चहाचे मळे आपल्या बघण्यात नाहीत. ज्वारी कशी येते ते सोलापूरच्या मुलाला विचारा, तो पेरणीपासून मळणीपर्यंत सांगेल.

चहा हे झाडाचं पान. शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. मोकळं सोडलं तर ते झाड बरंच उंच वाढतं, पण मळ्यात छाटून कंबरेएवढं ठेवतात, म्हणजे हाताने खुडता येतं. काळा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा ही वेगवेगळी झाडं नाहीत. एकाच जातीच्या पानावर पुढे काय प्रक्रिया केली त्यावर ते ठरतं. (गवती चहा मात्र वेगळा. ते गवत आहे, त्याचा या झाडाशी काही संबंध नाही.)

शेंड्याची कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पानं खुडायची. हे काम मुख्यतः बायका करतात. आसामात एक कामगार दिवसाला साधारण २० ते २५ किलो पानं खुडते, आणि सुमारे साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. कारण ताज्या पानात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं.

पुढचं काम पूर्वी सगळं हातानेच व्हायचं. पानं पसरून सुकवायची, म्हणजे ती मऊ पडतात, चुरा होत नाही. मग तळहाताखाली वळायची. वळताना पानाच्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो. तो रस हवेच्या संपर्कात आला की पान हिरव्याचं तांबूस आणि तांबसाचं काळपट होतं. सफरचंद कापून ठेवल्यावर लाल पडतं ना, तसंच. हवा तेवढा रंग आला की उष्णता देऊन वाळवायचं, प्रक्रिया थांबते. हिरव्या चहात ही लाल पडण्याची क्रियाच होऊ देत नाहीत, पान आधीच वाफवतात किंवा कढईत परततात.

आपल्या देशात चहा इंग्रजांनी आणला असं सरसकट सांगितलं जातं, तेवढं बरोबर नाही. आसाम आणि अरुणाचलच्या सीमेवर सिंगफो नावाची जमात आहे. ते लोक आधीपासूनच या पानाचं पेय करत होते. पानं कढईत परतायची, हाताने वळायची, उन्हात वाळवायची, मग बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि चुलीच्या धुरावर टांगायची. नळी फोडली की आत चहाची घट्ट कांडी. लागेल तेवढा तुकडा सुरीने कापायचा. आजही ते हा चहा करतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या इंग्रजी राजवटीतल्या व्यापाऱ्याला चहाची झाडं दाखवली ती सिंगफो प्रमुख बिसा गाम यांनी. पुढे मळे आले, आणि जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. मळ्यांत राबायला दूरदूरच्या भागांतून गरीब माणसं नेली गेली, त्यांचे हाल मोठे होते. तो स्वतंत्र धडा होईल.

अण्णांच्या डब्यातली पावडर मात्र हाताने वळलेली नसते. ती असते सीटीसी, म्हणजे चिरडणं, फाडणं आणि गोळी वळणं या तीन क्रिया करणाऱ्या यंत्रातून निघालेली. १९३० च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी हे यंत्र तयार केलं. दातेरी रुळांमधून पान गेलं की त्याचे बारीक दाणे होतात. दाणा बारीक असल्यामुळे रंग आणि कडकपणा पटकन उतरतो, थोड्या पावडरीत जास्त कप होतात. स्वातंत्र्यानंतरच्या काळात हा चहा देशभर पसरला आणि गरिबाच्या घरात रोजचा चहा शक्य झाला. चव जाणणारे लोक सीटीसीला नाक मुरडतात. मला विचाराल तर आपला उकळलेला दुधाचा चहा या दाण्यासाठीच आहे, महागाचं लांब पान त्यात वाया जातं.

उकळलेला चहा आपला कसा झाला

सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये आणि पहिली कापड गिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती १८७७ मध्ये. चहा सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो देशात सगळीकडेच या दोन रस्त्यांनी, स्टेशन आणि कारखाना. १९०३ मध्ये चहावर एक कर बसवून प्रचारासाठी पैसा उभा केला गेला. त्यातून रेल्वे स्टेशनांवर चहाचे स्टॉल निघाले, चहा कसा करावा याचे फलक वेगवेगळ्या भाषांत लागले. गिरण्या आणि खाणींमध्ये कामगारांसाठी चहाची सुट्टी आणि चहाची जागा असावी असा आग्रह धरला गेला. चहाने कामगाराला तरतरी येते, म्हणजे काम जास्त होतं, हा त्यामागचा हिशेब.

गंमत अशी की त्या प्रचारकांना आपला चहा पसंत नव्हता! त्यांची पद्धत म्हणजे उकळतं पाणी पानांवर ओता, झाकून ठेवा, कपात गाळा, वरून थोडं दूध. आपल्याकडच्या विक्रेत्यांनी सगळं एका पातेल्यात घातलं, दूध-साखर वाढवली, आलं-वेलदोडा टाकला आणि पावडर कमी केली. पावडर महाग, आलं स्वस्त. पावडर कमी खपते म्हणून प्रचारकांची तक्रार होती. पण रिकाम्या पोटी दहा-दहा तास उभं राहणाऱ्या माणसाला नुसत्या रंगीत पाण्यापेक्षा हा दुधा-साखरेचा घोट जास्त उपयोगी पडत होता. महात्मा गांधींचा चहाला विरोध होता, आरोग्यावरच्या लेखनात त्यांनी तसं लिहिलंय. तरी चहा राहिला.

महाराष्ट्रात या पातेल्याच्या चहाची सगळ्यात नावाजलेली परंपरा पुण्याच्या अमृततुल्यांची. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ती दुकानं चालवली. चकचकीत पितळी पातेलं, दुकानाच्या दर्शनी भागातच ओटा, वेलदोडा-आल्याची कूट, आणि गिऱ्हाईकासमोर चहा करण्याची पद्धत. इराण्याचा चहा वेगळा, तिथे चहाचा अर्क आणि आटवलेलं दूध वेगवेगळं ठेवतात आणि कपात एकत्र करतात. आपल्या सोलापूरच्या टपरीला असं काही खास नाव नाही. पण आमच्या एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं आहेत, त्यामुळे चहाला नावं भरपूर. कुणाच्या घरी च्या, कुणाच्या घरी चाय, कुणाच्या घरी चा. एका तासाला मी फळ्यावर ही सगळी नावं लिहिली. जगातल्या बहुतेक भाषांत या पेयाचं नाव एक तर 'चा'सारखं आहे नाहीतर 'ते'सारखं, आणि दोन्ही मूळ चिनीच, वेगवेगळ्या प्रांतांतल्या उच्चारांवरून आलेली. आपली चारही नावं पहिल्या घराण्यातली. इंग्रजीतलं टी दुसऱ्या.

वर्गात काय केलं

अण्णांना मी शाळेत बोलावलं. ते आधी नको म्हणाले. "माझा पोरगा म्हणतो पप्पा शाळेकडं येऊ नका." मी म्हटलं, तुम्ही पाहुणे म्हणून या, धंद्याला म्हणून नको. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीत व्यवस्था केली. मुलं लांब ओळीत बसली. गॅसजवळ फक्त अण्णा आणि मी.

आधी तीन प्रयोग केले, ते तुम्हीही करू शकता.

पहिला पाण्याचा. दोन काचेच्या ग्लासांत कोरा चहा, एकात नळाच्या पाण्याचा, दुसऱ्यात बोअरच्या. थोडा वेळ ठेवल्यावर बोअरवाल्यावर चमकदार तवंग आला, अण्णा म्हणाले होते अगदी तसाच. जड पाण्यातले क्षार आणि चहातले घटक मिळून तो होतो.

दुसरा लिंबाचा. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की रंग झटकन फिका होतो, चिमूटभर खायचा सोडा घातला की गडद. आम्ल आणि आम्लारी ओळखायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. मुलं टाळ्या वाजवतात.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कडक कोऱ्या चहात एक गंजका खिळा टाकला आणि ग्लास रात्रभर तसाच ठेवला. सकाळी चहा शाईसारखा काळा झाला होता. (हा चहा लगेच ओतून द्यायचा, मुलांच्या हाती लागू द्यायचा नाही.) चहातलं टॅनिन लोहाला असं घट्ट धरतं. पोटातही तेच होतं. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह शरीराला मिळायच्या आत चहा त्याला धरून ठेवतो. आपल्या वर्गातली किती मुलं सकाळी नुसता चहा आणि त्यात बुडवलेली खारी किंवा बटर खाऊन येतात, ते जरा विचारून बघा. माझ्या वर्गात ३४ पैकी २१ निघाली. आणि त्यात मुलींचे डोळे, नखं पांढरी फटक. शाळेत दर आठवड्याला आपण लोहाची गुलाबी गोळी देतो, ती काही मुलं घरी नेऊन सकाळच्या चहाबरोबर घेत होती! आता गोळी जेवणानंतर शाळेतच, माझ्यासमोर, पाण्याबरोबर. चहा आणि जेवण किंवा गोळी यांच्यात निदान एक तासाचं अंतर ठेवा, हे मी पालकसभेत खिळा दाखवूनच सांगितलं.

पालकसभेत एका आईने विचारलं, "मग सकाळी काय द्यायचं बाई? मी पाचला विड्या वळायला बसते." प्रश्न खरा आहे. दुधाला पैसे लागतात, चहात एक कप दूध चौघांना पुरतं. रात्रीची भाकरी आणि शेंगाची चटणी, वर लिंबाची फोड, एवढं मी सुचवलं. लिंबाने लोह चांगलं शोषलं जातं. शेंगाची चटणी तर आपल्या सोलापुरात घरोघरी असतेच. काही घरांत बदल झाला, काही घरांत नाही. चहा पूर्ण बंद करा असं मी सांगत नाही, ते कुणी ऐकणारही नाही. पण लहान मुलांना सकाळी उपाशीपोटी चहा नको, एवढ्यावर मी ठाम आहे. अण्णांनीही त्याला मान हलवली. त्यांच्या टपरीवर शाळेच्या गणवेशातल्या मुलाला ते चहा देत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग गणित. पातेल्याला ४० ग्रॅम पावडर, दिवसाला १५ पातेली, तर किती पावडर? ६०० ग्रॅम. एक किलोला साडेचार किलो पानं, तर ६०० ग्रॅमला किती? २ किलो ७०० ग्रॅम. आणि कप किती? ३००. चौथीच्या मुलांनी हे फळ्यावर सोडवलं. त्या मुलाने सगळ्यात आधी हात वर केला, कारण ३०० ग्लास कोण विसळतं हे त्याला माहीत होतं. शाळा सुटल्यावर संध्याकाळचे निम्मे तोच विसळतो.

शेवटी अण्णांनी चहा केला, मोठ्या माणसांपुरता. मुलांनी डोळे मिटायचे आणि पातेल्याचा आवाज ऐकून 'झाला' म्हणायचं, असा खेळ ठेवला. दूध पडल्याबरोबर दोघा-तिघांनी ओरडून घेतलं. तो मुलगा गप्प होता. बऱ्याच वेळाने तो "आता" म्हणाला, आणि त्याच क्षणी अण्णांनी ओगराळं उचललं. डोळे त्याने खरंच मिटलेले होते का, यावर नंतर मुलांची भांडणं झाली. मी काही निकाल दिला नाही.

अण्णांनी जाताना एक गोष्ट सांगितली. चौकात यंत्राचा चहा आलाय, बटण दाबलं की ग्लास भरतो. तिथे दूध फाटायची भीती नाही, फडकं धुवायला नको, उधारीची वहीही नाही. यंत्रमागाचे कारखाने कमी झाल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक तसंही घटलंय. "अजून चार-पाच वर्षं चालेल, पुढचं माहीत नाही. पोराला तुम्ही शिकवा, मॅडम." त्यांना मुलाने टपरीवर बसायला नकोय. मलाही नकोय. पण वडील काय करतात हे त्याने लपवावं, हेही आम्हा दोघांना नको होतं.

सोमवारी त्याने वही आणून दिली. दहा ओळी सांगितल्या होत्या, त्याने दीड पान लिहिलं होतं. पावडर कधी टाकायची, आलं आधी का, फडकं रोज सोड्याच्या पाण्यात उकळायचं, रविवारी दूध कमी का घ्यायचं, सगळं. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. सगळीकडे त्याने 'च्या' लिहिलं होतं, तेवढं तसंच ठेवलं.

हा उपक्रम तुमच्या शाळेत घ्यायचा असेल तर गॅस आणि उकळतं पातेलं पूर्णपणे मोठ्यांच्या हातात ठेवा, मुलं निदान सहा फूट लांब बसवा, आणि खिळ्याचा प्रयोग आदल्या दिवशी लावून ठेवा. पुढच्या महिन्यात आम्ही कडक भाकरी करणाऱ्या एका आजींना बोलावणार आहोत. त्याबद्दल पुढच्या लेखात लिहीन.